खिरणीखालची झाडलेली जागा

आमच्या घरात भुताला बंदी होती. बाबा भंडाऱ्याकडून भिलाईला पोलाद कारखान्यात कामाला आले ते ट्रंकेत दोन पँटी, एक चादर आणि विहारातून मिळालेली चार पुस्तकं घेऊन. त्या पुस्तकांत भूत नव्हतं, म्हणून ते आमच्या क्वार्टरमध्येही नव्हतं. अंगात येणं नाही, उतारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी मला म्हणायला येईल की बघ, शेवटी तूही मानायला लागलीस. मी मानत नाही. जे झालं ते लिहिते, बस.

या बंदीचा एक फायदा असा की लहानपणीच्या सगळ्या दुपारी आम्हाला मिळाल्या. लाइनीतल्या बाकी घरांत नियम होता की उन्हाळ्यात बारा वाजले की मुलांनी झाडाखाली जायचं नाही. तेलुगू काकूंचा हा नियम, बिहारी चाचींचा हा नियम, पलीकडच्या छत्तीसगढी बाईचा तर सगळ्यांत कडक. आणि झाडाखाली म्हणजे मुख्यतः आमच्या मागच्या अंगणातल्या खिरणीखाली.

ती खिरणी क्वार्टरपेक्षा जुनी होती. कॉलनी व्हायच्या आधी तिथे गाव होतं, त्या गावाची असणार. बांधणाऱ्यांनी तिला वगळून भिंत घातली होती, म्हणून आमची मागची भिंत सरळ जाता जाता मध्येच वाकायची आणि तिला वळसा घालून परत सरळ व्हायची. सावली इतकी दाट की तिच्याखाली उभं राहिलं की हाताचा रंग हिरवट दिसे. एप्रिल सरता सरता फळ पिवळं व्हायला लागायचं. बोटाच्या पेराएवढं, गोड, आणि त्यात चीक. दहा खाल्ल्या की ओठ एकमेकांना चिकटतात, वीस खाल्ल्या की बोलता येत नाही. शाळेत मला गप्प बसवणं एकाही बाईंना जमलं नाही, खिरणीला जमायचं. बाथरूमच्या पत्र्यावर फळं पडायची, टप, टप, आणि आम्ही लाइनीतली तीन-चार धीट पोरं चिकटलेल्या ओठांनी नाकातून हसत बसायचो. त्याच्याइतका आनंद मला नंतर कशातच झाला नाही. मोर्चातही नाही, आणि मला मोर्चे आवडतात.

आई तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाटी बाहेर काढायची. "मायासाठी बी दहा-बारा टाका वं." आम्ही टाकायचो. तिला झाडाखाली बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा एक माणूस यादी घेऊन आला. पंख्याचे हुक, नळ, स्विचबोर्ड, बेसिन, खिडकीच्या काचा, सगळ्यावर टिकमार्क. आई त्याच्या मागे मागे फिरत होती. शेवटी मागच्या दारात थांबून तिने विचारलं, "और ये झाड?" त्याने यादी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "झाड लिस्ट में नहीं है, आंटी." म्हणजे ते ना आमचं होतं, ना त्यांचं. नळाची तोटी हरवली असती तर आम्हाला जाब द्यावा लागला असता. खिरणी हरवली असती तर कुणाला काहीच विचारता आलं नसतं.

आम्ही भिलाईतच, मरोद्याला, दोन खोल्यांत आलो. अंगण म्हणायला सिमेंटची पट्टी, तिच्यावर कूलर. आईने कुरकूर केली नाही. फक्त दर उन्हाळ्यात एकदा, तांदूळ निवडताना वगैरे, कुणाकडे न बघता ती म्हणायची, "आता पिकून राहिली असन थे." एवढंच. आणि परत तांदूळ. मरोद्याला आल्यापासून तिने स्वतःसाठी म्हणून काढलेला हा एकच विषय होता.

म्हणून जेव्हा कळलं की ती लाइन पूर्ण रिकामी झालीय, दारं-खिडक्या काढून नेल्यात आणि आता जागा साफ करणार आहेत, तेव्हा मी ठरवलं की बाकी काय व्हायचं ते होवो, खिरणी पडू द्यायची नाही. आईला तसं सांगितलंही. "तुझी खिरणी मी पडू देत नाही." ती कूलरमध्ये पाणी ओतत राहिली.

कोणता सेक्टर, कोणाचं कार्यालय, ते इथे लिहीत नाही. माझं भांडण त्यांच्याशी आहेच, पण या गोष्टीत नाही. का नाही ते पुढे येईल.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. त्याची रीत मला शिकवलेली आहे. पहिल्या वाक्यात कॉलर धरायची, दुसऱ्यात दोषी सांगायचा, तिसऱ्यात सभा किती वाजता ते. त्या वेळीही लिहिलं की शेकडो झाडांच्या कत्तलीचा डाव आहे. ते घेऊन कार्यालयात गेलो तर खिडकीमागचा बाबू म्हणाला, "शेकडो म्हणजे किती, मॅडम? गिनकर लाइए." मला राग आला. पण बरोबर विचारलं होतं त्याने. आम्ही मोजलेली नव्हती.

आम्ही म्हणजे मी आणि माझा एक साथी. तो जामुलचा, वयाने माझ्यापेक्षा थोडा लहान, एका दुकानात बिलं करतो. त्याच्या गावात पानांवर सिमेंटची राखाडी धूळ बसते, आमच्याकडे लाल. यावरून आमचं नेहमी चालायचं. "दीदी, तुम्हारे यहाँ के पेड़ तो लिपस्टिक लगाते हैं." त्याला दुपारी दोन तास सुट्टी आणि लाइनीचा चौकीदार दुपारी जेवून झोपायचा, म्हणून मोजणीची वेळ ठरली भर दुपारची.

मी त्या लाइनीत वाढले. तिथे मला वाट चुकता येणं शक्य नव्हतं.

पहिल्या दिवशी स्कूटी वळणावर लावून आत शिरलो आणि मला काही ओळखू येईना. दोन्हीकडे तीच घरं, पण चौकटी उपटलेल्या. दाराच्या जागी भोक, खिडकीच्या जागी भोक, आणि एका घराच्या भोकातून मागच्या घराचं भोक, त्यातून त्याच्या मागचं. ऊन असं की आवाजही भाजून गेला होता. प्लांटचा कायमचा घरघराट असतो, तो आम्हा भिलाईच्या लोकांना ऐकू येत नाही, पण तिथे तो ऐकू यायला लागला. आणि माणसं गेली तरी झाडांना कुणी सांगितलं नव्हतं. ती फळून बसली होती. तेलुगू काकूंच्या अंगणात शहतूत, म्हणजे तुती, इतका लागला होता की फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली काळ्या फळांचा चिखल, वर माशा. एका घरात विलायती चिंचेची फांदी खिडकीच्या भोकातून आत गेली होती आणि आतल्या खोलीत, जिथे पलंग असायचा तिथे, गुलाबी चिंचांचा सडा. खायला कुणी नाही. पोरं नाहीत, शेळ्या नाहीत. पोपटही नव्हते, आणि पिकलेल्या फळाला पोपट नाही हे मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

घर कुणाचं ते मी आता झाडावरून ओळखत होते. फणस, म्हणजे मल्याळी काका. फालशाचं झुडूप, म्हणजे कोपऱ्यावरचे सरदारजी. साथी वहीत रेघा मारत होता.

जाताना जो आकडा आला, परत येताना त्याच्यात एक झाड जास्त निघालं.

"आपने दो बार गिना," तो म्हणाला.

"तू गिना दो बार."

परत गेलो. आता एक कमी. दुसऱ्या दिवशी मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, असं मोजलं. जुळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वही घेतली आणि त्याला मोठ्याने मोजायला लावलं. पुन्हा एकाचा फरक. तो बिलं करणारा माणूस, बेरीज त्याची चुकत नाही. तो गमछ्याने तोंड पुसत म्हणाला, "दीदी, धूप सर पे चढ़ गई है, और कुछ नहीं." मीही तेच म्हणाले. सगळी घरं सारखी, नंबरप्लेटा काढलेल्या, माणूस गोंधळणारच. आजही माझं तेच म्हणणं आहे.

पण खिरणीखाली जे होतं ते उन्हाने झालेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आमच्या घरात मी मुद्दाम सगळ्यात शेवटी शिरले. बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या भोकातून अंगणात. सगळ्या लाइनीत घोट्यापर्यंत पाचोळा होता, सडलेली फळं होती, वर्षाची लाल धूळ होती. खिरणीखाली एक पान नव्हतं. जमीन झाडलेली होती. खराट्याच्या रेघा दिसत होत्या, बुंध्यापासून बाहेर बाहेर, गोल. सावली जिथे संपत होती तिथे झाडलेली जागा संपत होती, आणि तिथून पुढे परत पाचोळा.

साथी भोकातच उभा राहिला. "यहाँ कौन आता है?"

"कुणी नाही."

"तो ये?"

पत्र्यावर टप करून एक खिरणी पडली. मी ती उचलली आणि खाल्ली. गोड होती. त्याला दिली तर त्याने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी रेघा नव्या होत्या. मी आदल्या दिवशी रेघांवर चपलेचा ठसा मुद्दाम उमटवून गेले होते, तो गेलेला. आणि तिसऱ्या दिवशी आम्ही आवाज ऐकला. बैठकीच्या भोकापाशी असताना, मागून, अंगणातून, खर्र, खर्र, सावकाश, कामाची घाई नसलेल्या माणसासारखा. मी आतून धावले. स्वयंपाकघराची चौकट ओलांडली तेव्हा आवाज थांबलेला होता. अंगणात कुणी नव्हतं. मागच्या पायरीवर ओल्या तळव्याची खूण होती, एकाच पायाची, आणि बघता बघता उन्हाने ती पिऊन टाकली.

"दीदी, आप मानती नहीं, ठीक है," साथी म्हणाला. "पर चलो."

मला त्याचा राग आला आणि माझाही आला, कारण माझी मान ताठ झाली होती आणि मागे वळायची हिंमत नव्हती. असा राग आला की मी तो कुणावरतरी काढते. तिथेच त्या स्वयंपाकघरात उभी राहून मी बोलले, मोठ्याने, मराठीत, त्याला अर्धंच कळेल अशा बेताने. म्हटलं, सगळ्यांना झाड पाहिजे, करायला कुणी नको. माझ्या आईला दर वर्षी खिरणी आठवते, पण निवेदनावर सही कर म्हटलं तर नाही. सभेला ये म्हटलं तर नाही. आई भित्री आहे. जन्मभर खिडकीतून वाटी बाहेर काढली, पाय कधी बाहेर काढला नाही.

साथी म्हणाला, "पेड़ों पे नंबर डाल देते हैं. फिर गिनती कैसे गलत होगी."

बरोबर होतं. एकदम सरळ, शहाणं बोलणं होतं. त्याच संध्याकाळी पांढरा पेंट आणला, आणि चौथ्या दुपारी आम्ही नंबर टाकले. सुरुवात मी खिरणीपासून केली. तिचा बुंधा गमछ्याने पुसला आणि छातीच्या उंचीवर माझ्या अक्षरात एकचा आकडा काढला, टोकाला छोटी शेंडी असलेला. पहिला नंबर तिलाच द्यायचा होता. यात प्रेम किती आणि मिरवणं किती, हे मला विचारू नका. लाइनीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. गणती आता जुळली. जुळायचीच होती.

घरी गेले तर आई पोळ्या लाटत होती.

"तुया नखाले काय लागलं वं?"

"पेंट. झाडांवर नंबर टाकून राहिलो."

"कावून?"

"मोजाले. गिनती जमून नव्हती राहिली."

"खिरणीवर बी?"

"तिच्यापासूनच सुरू केलं. एक नंबर तिचा."

लाटणं थांबलं. "पुसून टाक, बाई."

"कावून वं?"

"त्या लाइनीत ज्या घरावर खडूनं नंबर लिवला, त्याचे दरवाजे दुसऱ्या दिवशी काढून नेले. मी पायलं."

"तू कवा पायलं?"

"पोळी जळून राहिली, पाय," ती म्हणाली. तव्यावर पोळी नव्हती.

मी हसले. आई, म्हटलं, ज्याचा नंबर नाही त्याची दाद कुठेच लागत नाही, असं असते सरकारी काम. ती परत लाटायला लागली. बाबा आतून टीव्हीसमोरून म्हणाले, "तिचं बरोबर आहे." आमच्यापैकी कोणाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी, साडेबाराच्या सुमाराला, मी पत्रकं छापून घ्यायला गेले होते. नवीन पत्रकात आकडा होता. पक्का आकडा, नंबरवार. साथीचा फोन आला.

"दीदी, काटना चालू कर दिया. एक नंबर से."

मी पोचले तेव्हा खिरणी आडवी होती. वाकलेल्या भिंतीवर तिचा शेंडा पडून भिंत फुटली होती. मशीन बंद करून माणसं दुसऱ्या झाडाकडे सरकली होती, फालशाच्या घराकडे, जिथे माझ्याच अक्षरात दोनचा आकडा होता. खिरणीच्या ओंडक्यावर माझा एक, शेंडीसकट, आता आडवा. चिकाचे पांढरे ओघळ त्याच्यावरून गेले होते. आणि फळं पिवळीधमक सगळीकडे, कुणी टोपली उलटावी तशी.

मुकादम वयस्कर होता. मी ओरडत गेले तर तो टोपी काढून उभा राहिला. मी विचारलं, कोणाच्या हुकमाने. तो म्हणाला, "मैडम, हमको बोला था, जिस पेड़ पे निशान है वो काटना है. लाइन में आके देखा तो निशान था, नंबर भी था. हमने सोचा, अच्छा काम किया है किसी ने, एक से चालू करो."

"निशान वो नहीं था."

"तो कौन सा था? हमको तो यही दिखा." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "ये किसने डाला, आप ही बताओ."

कार्यालयाची खूण म्हणे दोन वाळलेल्या झाडांवर आणि झुडपांवर होती, लाल. लाल धुळीच्या गावात लाल खूण. पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एक प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. साथी माझ्याकडे बघत होता.

मुकादम हळू आवाजात म्हणाला, "अंदर एक अम्मा बैठी हैं. हमने हाथ नहीं लगाया, बस किनारे बिठाया. आपकी पहचान की हैं क्या?"

स्वयंपाकघरात, ओट्याच्या खाली, जिथे गॅसचं सिलेंडर असायचं त्या जागी पाय पसरून आई बसली होती. पदरात खिरण्या. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी. पायातल्या चपला बाजूला, जुळवून ठेवलेल्या, घरात काढतो तशा.

"तू इथं कशी?"

"ऑटोनं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले. बाहेर मशीन सुरू झालं आणि थांबलं.

"रोज येतं?"

"रोज कुठून. विहाराचा दिवस सोडून."

"कवापासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. थंडीत बी यायची कधी कधी."

"मले सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं असतं तर तू पत्रक काढलं असतं."

काढलं असतं. मथळाही मला तिथल्या तिथे सुचला, लाज वाटली तरी सुचला.

"काय करत होती इथं एकटी?"

"काय करन? खात होती. व्हट चिकटले का बसून राहत होती." तिने पदरातली एक उचलून बघितली आणि परत ठेवली. "तिकडं दिवसभर कोनाले ना कोनाले जवाब द्या लागते. तुया बाबाले पानी द्या, तुले सही द्या. अठी तोंड बंद झालं का कोनी काही इचारत नव्हतं. मस्त वाटे."

सव्वीस वर्षं मी त्या बाईची मुलगी आहे. मला वाटत होतं मी झाड वाचवते आहे. तिची दुपार कुठे असते ते मला माहीत नव्हतं.

"त्या दिवशी तू जे म्हनलं थे ऐकलं मी," ती म्हणाली. "पलीकडच्या खोलीत होती. आई भित्री हाय म्हने."

"आई..."

"भित्री असती तर अठी बसली असती का भर दुपारी."

मी मान खाली घातली. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं, "आन झाडत कशाले होती? कंबर दुखते ना तुझी."

ती माझ्याकडे बघायला लागली. "मी कुठं झाडलं?"

"रोज झाडलेलं राहे."

"मले वाटलं तू झाडून जातं. नाराज हाय, सांगत नाही, पन आईसाठी झाडून जातं, असं वाटलं मले."

"मी कशाला झाडीन? मायाजवळ खराटा तरी आहे का?"

"मायाजवळ कुठं हाय," आई म्हणाली.

"त्या दिवशी आवाज आला होता. आम्ही दोघांनी ऐकला."

"मी बी ऐकला ना, बाथरूमात पाय धुता धुता. म्हनून तर पानी टाकून, मागं न पायता, पलीकडं पळाली. म्हटलं, तू आली."

आम्ही दोघी उठलो आणि मागच्या भोकातून बाहेर पाहिलं. अंगणभर फांद्या, भुसा, चीक, फळं. फक्त भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे फांदी पोचली नव्हती, हातभर जागेत खराट्याच्या रेघा होत्या. सरळ, ताज्या. आमच्यापैकी कुणीही मारलेल्या नव्हत्या. बाबांना नंतर सांगितलं तर ते म्हणाले, लू, उन्हाळ्यातला गरम वारा. दाट झाडाखाली वारा गोल फिरतो, डहाळी जमिनीला घासते, आवाजही तोच आणि रेघाही त्याच. असेल. भौतिक कारण असणारच. मी फक्त एवढं सांगते की त्या दिवशी वारा नव्हता, आणि आईने माझा हात धरला होता, आणि तिचा हात उन्हाळ्यातही गार होता.

हात तिनेच सोडला. "बाकीच्यांवरचे नंबर पुस," ती म्हणाली.

"आता?"

"मंग कवा? दोन झाल्यावर तीन येते."

साथी थिनर आणि तारेचे ब्रश घेऊन आला. कुठून ते मी विचारलं नाही. आम्ही तिघांनी लाइनीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. माणसं जेवायला बसली होती, शहतुताच्या सावलीत, आणि चावता चावता आम्हाला बघत होती. आई बुंधे असे घासत होती जसं पातेल्याचं बूड घासतात, कोपरापासून. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून मध्ये मध्ये पदराने पुसून बघायची. मी घासत होते आणि माझं अक्षर एकेक करून जात होतं. एरवी मी नाव न टाकता पत्रकं काढते, अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून. इथे तर मी प्रत्येक झाडावर सही करून ठेवली होती.

मुकादम डबा बंद करून आला. "अब हम क्या काटें, अम्मा?"

"जो कागज में है वो काटो, भैया," आई म्हणाली. ब्रश थांबवला नाही. "कागज लेके आओ, पढ़ के काटो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नंबर हमने डाले थे. गिनने के लिए." हे बोलायला मला दुपार लागली. त्याने मान हलवली. रागावला नाही. "हम पूछ के आते हैं," म्हणाला आणि माणसं गोळा करून गेला. फालसा पडलेला होता. बाकीची झाडं त्या दिवशी उभी राहिली. हे लिहितेय तेव्हाही उभी आहेत. पुढचं माहीत नाही, आणि त्यासाठी माझं कार्यालयाशी भांडण चालूच आहे, कागद मागून, नंबर न टाकता.

साथी म्हणाला होता, पत्रकात लिहून टाका की त्यांनी कापलं. कापलं तर त्यांनीच ना. मी बसले लिहायला. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्यात दोषी सांगायचा असतो. तिथे पेन थांबलं, आणि ते पत्रक निघालं नाही. आमच्या गटातलं न निघालेलं ते पहिलं.

आठवडाभर आई दुपारी घरीच होती. बाबांना पाणी देत होती. विचारलं त्याला उत्तर देत होती. मी तिला बाजारातून खिरण्या आणल्या, पानाच्या दोन्यात, गंजपाऱ्याच्या बाईकडून. तिने दोन खाल्ल्या, म्हणाली चांगल्या आहेत, आणि बाकीच्या बाबांना दिल्या. मला वाटलं संपलं. एका माणसाची एक जागा होती, ती मी माझ्या हाताने पेंट लावून दाखवून दिली, आणि आता हे असंच चालणार.

जून लागला. एक दिवस साडेअकराला ती चपला घालताना दिसली.

"विहारात जातं का?"

"नाही," ती म्हणाली. आणि गेली.

मी मागे गेले नाही. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. तिने बोलावलं नव्हतं.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं, लिहू का. तिने आधी हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाली, "लिव. पन आता कोनतं झाड, थे नको लिवू." मी म्हटलं, मला माहीतच नाही. आणि हे खरं आहे. त्या लाइनीत अजून बरीच झाडं आहेत, लोक आपापल्या मुलखातून आणून लावून गेलेली, आणि कुठल्या परक्या घराच्या ओसाड अंगणात, कुणाच्या झाडाखाली ती बसते, ते मी शोधत नाही. चार वाजता येते. पाणी पिते. बाबा काही विचारतात तेव्हा मानेनेच हो किंवा नाही करते. तिची जीभ जांभळी झालेली असते.